खडक चढणारी पिकअप : एका मंदगती यंत्राचा विचार

बेंगळुरूतील मारतहळ्ळीच्या पुलावरून वर्तूरच्या अथवा व्हाइटफील्डच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे दुतर्फा जी लहानमोठी गॅरेजे लागतात, त्यांच्या मागील अंगणात कोठे ना कोठे एखादी जुनी पिकअप उभी असते. भाजीपाला, सिमेंटच्या गोण्या, पाण्याचे कॅन आणि घरे बदलणाऱ्या नोकरदारांचे सामान वाहण्यात तिची उमेद खर्ची पडलेली असते, हौद्याचा पत्रा गंजून जाळीदार झालेला असतो, आणि तिचे पासिंग पुन्हा करून घ्यावे की ती भंगारात वजनावर घालावी, या विवंचनेत तिचा धनी असतो. या दोन मार्गांखेरीज तिसरा एक मार्ग अलीकडे काही हौशी मंडळींच्या मनात घोळू लागला आहे, तो म्हणजे तिचा रॉक क्रॉलर करण्याचा. हा उद्योग खर्चाचा, चिकाटीचा आणि कायद्याच्या दृष्टीने नाजूक असल्यामुळे त्याच्या सर्व अंगांचा एकत्र विचार होणे अगत्याचे आहे. तो येथे यथामति करीत आहे.

डोंगरात, चिखलात किंवा वाळूत चालणाऱ्या सर्वच गाड्यांना एकाच सदरात टाकण्याची रीत आपल्याकडे पडली आहे, पण रॉक क्रॉलर ही त्या सर्वांहून भिन्न जात आहे. माणसाच्या छातीएवढ्या शिळांवर एकेक चाक नेमके ठेवीत, ते घसरू न देता आणि गाडी आदळू न देता वर चढणे हे तिचे कार्य. तिच्या स्पर्धांत मार्गाच्या खुणांना धक्का लागला किंवा गाडी मागे घ्यावी लागली तर दंडाचे गुण पडतात. म्हणजे कसोटी लागते ती चालकाच्या निर्णयाची आणि यंत्राच्या आज्ञाधारकपणाची. या विद्येचा उगम अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन या खडकाळ वाटेवर मार्क स्मिथ व त्याच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये जीपगाड्यांचा पहिला मेळा नेला. पुढे युटा राज्यातील मोआब हे गाव या छंदाचे क्षेत्र बनले. आणि 2007 पासून जॉन्सन व्हॅलीच्या वाळवंटात ‘किंग ऑफ द हॅमर्स’ नावाची जी शर्यत भरते तिच्यात वेग आणि खडक या दोन विरोधी गोष्टींची सांगड घालण्यात आली. या साऱ्या इतिहासात पिकअपला मानाचे स्थान मिळाले ते मुख्यतः टोयोटाच्या 1979 ते 1985 या काळातील चौचाकी-चालनाच्या पिकअपमुळे. पुढचा ॲक्सल एकसंध, चासी सरळ शिडीसारखी आणि इंजिन मारून न मरणारे, असे तिचे गुण होते, व तेच गुण आजही कोणतीही जुनी गाडी निवडताना पाहावे लागतात.

आपल्याकडील वंशावळ निराळी आहे. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीने, जी पुढे महिंद्र अँड महिंद्र झाली, मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या एका निर्णयातून चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचे भारतातील एक कुळ निर्माण झाले. लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात निस्सान पॅट्रोलच्या आराखड्यावर जोंगा तयार होत असे. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. आज देशात जेवढे म्हणून खडकावर चढवण्याजोगे ॲक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या ॲक्सलांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) आणि स्टेअरिंगचे नकल जुन्या बाजारात मिळतात, ते बहुतांशी या तीन घराण्यांतील होत. पिकअपच्या बाबतीत एक अडचण सुरुवातीलाच उद्भवते. आपल्या बहुसंख्य पिकअप मागच्या दोनच चाकांवर चालतात. ज्या थोड्या चारही चाकांवर चालतात त्यांपैकी अलीकडच्यांचे पुढचे सस्पेन्शन दोन्ही बाजूंना स्वतंत्र असते, जे रस्त्यावर सुखावह असले तरी खडकावर एक चाक वर गेले असता दुसऱ्याला खाली दाबण्याचे काम करीत नाही. यास्तव पुढे एकसंध ॲक्सल बसविणे ही पहिली शस्त्रक्रिया ठरते.

मग जीपच का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर चासीच्या लांबीत आहे. जुन्या सी. जे. 3 बी जीपची दोन ॲक्सलांमधील लांबी 80 इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर. पिकअपची तीन मीटरच्या आसपास. तीव्र चढावर आखूड गाडी बोजा मागे गेलेल्या बैलगाडीप्रमाणे उलाळ होते आणि पाठीवर उलटते, तर लांब गाडी चढाला चिकटून राहते. उलटपक्षी फार लांब गाडीचे पोट शिळेवर टेकते आणि चारही चाके हतबल होतात. पिकअपमध्ये या दोन संकटांमधील मध्यबिंदू कापून घेता येतो. हौदा काढून टाकला की चासीचा मागचा निरुपयोगी भाग छाटता येतो, मागचा ॲक्सल हवा तेथे सरकवता येतो, आणि मोकळ्या जागेत पेट्रोलची अथवा डिझेलची टाकी, बॅटरी, प्रसंगी रेडिएटरसुद्धा नेऊन वजनाची वाटणी आपल्या मनाजोगी करता येते. आखूड गाडी लांब करणे हे जोखमीचे वेल्डिंग आहे. लांब गाडी आखूड करणे त्या मानाने निर्धोक. जुन्या पिकअपच्या बाजूने माझ्या मते हा सर्वात सबळ मुद्दा आहे, आणि तो क्वचितच मांडला जातो.

आता गिअरांचा हिशेब, जो या विषयाचा गाभा होय. पहिल्या गिअरचे गुणोत्तर, ट्रान्सफर केसमधील लो रेंजचे गुणोत्तर आणि ॲक्सलमधील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर यांचा गुणाकार केला म्हणजे गाडीचे रांगण्याचे प्रमाण निघते. महायुद्धातील विलीज जीपचे हे प्रमाण 2.66, 1.97 आणि 4.88 यांच्या गुणाकाराने सुमारे साडेपंचवीस येते, सी. जे. 3 बी. मध्ये 2.8, 2.46 आणि 5.38 या आकड्यांनी ते 37 च्या घरात जाते. आणि आजच्या जीप रँग्लर रुबिकॉनच्या हाती गिअर बदलण्याच्या नमुन्यात ते 84 वर पोहोचलेले आहे. या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष चालीत काय होतो तो पाहावा. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांनी संथ चालत असेल, प्रमाण 37 असेल आणि चाक 29 इंची असेल, तर गाडी ताशी तीन किलोमीटरने सरकते; चालणाऱ्या माणसापेक्षा ही गती कमी असली तरी शिळेच्या कडेवर चाक टेकवताना तीही जास्त होते, आणि चालकाचा पाय क्लचकडे जातो. क्लच अर्धा दाबला गेला की ताबा सुटला असे समजावे. याच गाडीत दुसरी एक ट्रान्सफर केस पहिलीमागे घालून प्रमाण 91 केले, आणि चाक 35 इंची बसविले, तर संथ इंजिनावर गती ताशी दीड किलोमीटरपेक्षाही किंचित कमी होते. मग क्लचला पाय लावण्याचे कारण उरत नाही. गाडी स्वतःच्या वजनासह आपोआप वर सरकते आणि चालकाचे सारे लक्ष चाकांकडे राहते.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून अलग, स्वतंत्र जागी बसविलेली असते, या कारणास्तव अशा जोडणीसाठी ती पुष्कळांना सोयीची वाटते. परंतु तिचे दाते मुळात लहान पेट्रोल इंजिनासाठी कापलेले आहेत. पिकअपच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरने आणि पहिल्या केसने गुणून आला, तर तो सोसण्याची तिची ताकद कितपत, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा. मोठी चाके बसविणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे की चाकाचा व्यास वाढला त्या प्रमाणात गिअरचे गुणोत्तर घटते. 31 इंचांऐवजी 37 इंची चाक घातले तर 4.10 चा ॲक्सल व्यवहारतः 3.43 चा होऊन बसतो. प्रथम गुणोत्तर, नंतर चाके, हा क्रम उलटा करणारे लोक दिखाऊ गाडी तयार करतात आणि पहिल्याच खडकावर क्लच जाळून घेतात.

गिअरांच्या खालोखाल महत्त्व डिफरन्शियलचे. वळणावर दोन चाकांना भिन्न फेऱ्या घेता याव्यात म्हणून योजलेले हे साधन दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते. सबब एक चाक अधांतरी झाले की जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, टॉर्क मिळतो आणि गाडी जागच्या जागी थबकते. यावर उपाय म्हणजे दोन्ही चाके एकत्र जखडणे. ऑस्ट्रेलियातील ए. आर. बी. कंपनीचा हवेवर चालणारा लॉकर हा त्यातील परिष्कृत प्रकार: डॅशबोर्डवरचे बटण दाबले की लहानशा कंप्रेसरमधली हवा बारीक नळीतून हाउसिंगमध्ये शिरते आणि आतील कडे सरकून दोन्ही बाजू जखडल्या जातात. गरिबीचा प्रकार म्हणजे स्पायडर गिअर एकमेकांस वेल्डिंगने कायमचे जोडून टाकणे. हाउसिंगचे झाकण उघडून काळे पडलेले तेल बादलीत उतरवावे, गिअर रॉकेलने धुऊन, तेलाचा अंशही राहू न देता पुसून काढावेत, ते हाताला सोसणार नाही इतके तापवावेत आणि मगच रॉड लावावा. थंड पोलादावर केलेला टाका बाहेरून सुबक दिसतो व आतून काचेसारखा ठिसूळ राहतो. त्याचा एखादा तुकडा सुटून क्राउनच्या दात्यांत अडकला तर ॲक्सल गेलाच. केवळ खडकावर चालवावयाच्या गाडीच्या मागील ॲक्सलास हा उपाय पुरेसा आहे, असे माझे मत आहे. पुढच्या ॲक्सलास मात्र तो करू नये, कारण तेथे चाके वळवावी लागतात आणि जखडलेला ॲक्सल स्टेअरिंगचे सांधे तोडतो.

सस्पेन्शनविषयी हौशी मंडळींत जेवढा आवेश असतो तेवढा पायाभूत विचार नसतो. चार दांड्यांची रचना, जिच्यात वरच्या दोन आणि खालच्या दोन दांड्या ॲक्सलला चासीशी बांधून ठेवतात आणि भार कॉइल स्प्रिंगांवर येतो, ही आज सर्वश्रेष्ठ मानली जाते, व योग्य मापांनी केली असता ती तशी आहेही. परंतु त्या दांड्यांच्या रेषा कोठे छेदतात, यावर चढताना गाडीची मागची बाजू दबते की उचलली जाते हे अवलंबून असते. गणित चुकले तर चाक खडकावर थडथड उड्या मारू लागते आणि मग ॲक्सलच्या शाफ्टवर जो आघात होतो तो कोणतेही पोलाद फार काळ सोसत नाही. प्रथमच गाडी करणाऱ्याने जुने पाटे लगेच टाकून देऊ नयेत. पाट्यांची संख्या कमी करून, लांब व लवचीक पाटे वापरून, शॅकलची लांबी बेताने वाढवून, आणि ॲक्सल पीळ खाऊ नये म्हणून ॲक्सलपासून चासीकडे जाणारी एक दांडी देऊन जे साधते ते समाधानकारक असते, आणि त्यातली चूक लोहाराकडेही दुरुस्त होते.

इंजिनाबाबत थोडे सांगणे पुरे. कार्ब्युरेटरचे पेट्रोल इंजिन तीव्र उतारावर पेट्रोलने तुंबते. डिझेलला ती व्यथा नाही, आणि मंद गतीत त्याचा टॉर्क भरवशाचा असतो. मात्र डिझेल गाडी उलटली असता क्रँककेसमधले तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरून इंजिन स्वतःचेच तेल जाळीत सुसाट सुटू शकते, आणि अशा वेळी किल्ली फिरवून ते बंद होत नाही. हवेचा मार्ग एका झटक्यात बंद करणारी झडप, चालकाच्या हाती पोहोचेल अशा जागी, बसविल्यावाचून डिझेल क्रॉलर खडकावर नेऊच नये. गाडी उलटली असता चालकाला वाचविणाऱ्या पोलादी पिंजऱ्याचेही तसेच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीसाठी थंड ओढलेल्या सीमलेस पोलादी नळीचा किमान व्यास 45 मिलिमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटर, अथवा 50 आणि दोन, अशी फर्मावलेली आहे. काही गॅरेजांतून पाण्याच्या जस्तलेपित पाइपचे जे पिंजरे बांधून दिले जातात ते उलटण्याच्या प्रसंगी चेपतात, आणि ते जोडताना निघणारा जस्ताचा धूर कारागिराला ताप आणतो. येथे काटकसर करणे म्हणजे प्राणाशी खेळणे आहे.

या सर्व कामाला जे हात लागतात ते बेंगळुरूत जेवढ्या सहजतेने मिळतात तेवढे देशातील थोड्याच शहरांत मिळतील. मारतहळ्ळीच्या पश्चिमेस विमानतळाची जी जुनी धावपट्टी आहे, ती ज्या कारखान्याच्या आवारात आहे तो हिंदुस्थान एअरक्राफ्ट सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये उभा केला, हे मराठी वाचकाने विसरू नये. त्या कारखान्याने, आणि पाठोपाठ आलेल्या घड्याळांच्या, यंत्रांच्या, दूरध्वनीच्या व भूखोदन-यंत्रांच्या सरकारी कारखान्यांनी, टर्नर, फिटर आणि वेल्डर यांच्या पिढ्या येथे घडविल्या. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत शाफ्टवर स्प्लाइन कापून देणारा लेथवाला सापडतो, जे. सी. रोडवर नवे बेअरिंग आणि सील मिळतात. शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात, जेथे सुट्या भागांच्या राशी लागलेल्या असतात, ॲक्सलचे हाउसिंग वजनावर आणि गिअर नगावर विकले जातात. मापे घेऊन, पिनियनचा दाता अंगठ्याने चाचपून, सौदा करणाऱ्याला येथे निराश व्हावे लागत नाही. अमेरिकेत जे भाग पेटीबंद विकत मिळतात ते येथे करवून घ्यावे लागतात, आणि त्यामुळे येथील कर्त्याला आपल्या गाडीचा प्रत्येक सांधा ठाऊक असतो. हा लाभ मी लहान मानीत नाही.

खडकाचा विचार केल्याखेरीज चाकांविषयी बोलणे अप्रस्तुत होईल. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. तो पावसाळ्यात शेवाळतो आणि त्यावर कोणतेही रबर टिकाव धरीत नाही. कोकण-गोव्याचा जांभा मऊ, त्याचा चिखल लाल व चिकट. 2014 पासून गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती भरत आली आहे; मूळ स्पर्धा मलेशियातली, आणि तिच्यासाठी तयार झालेल्या जिप्सी व जीप आपल्या देशातील या कलेचे उत्कृष्ट नमुने होत. परंतु ती स्पर्धा चिखलाची, ओढ्यांची आणि विंचच्या तारांची आहे. तेथे चाक फिरवून चिखल उडविण्यासाठी सामर्थ्य लागते. बेंगळुरूभोवतीचा ग्रॅनाइट निराळाच. रामनगरच्या परिसरातून उत्तर-दक्षिण गेलेला हा पट्टा सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा. त्याचा पृष्ठभाग खरखरीत, आणि कोरडा असताना रबराला विलक्षण धरून ठेवणारा. अशा खडकावर चाकातील हवा दहा-बारा पौंडांपर्यंत उतरवली की टायर शिळेच्या कडेवर सुरकुत्या पाडीत बसतो, त्याची भिंत फुगते, आणि जेथे तळव्याएवढा भाग टेकत होता तेथे दोन तळव्यांएवढा टेकतो. एवढ्या कमी हवेत टायर रिममधून निसटू नये म्हणून त्याची कड बोल्टांच्या कड्याने आवळावी लागते. गोव्यासाठी केलेली गाडी ग्रॅनाइटवर अवजड ठरते आणि ग्रॅनाइटसाठी केलेली गाडी गोव्याच्या ओढ्यात असहाय होते. आरंभीच एकाची निवड करावी.

आता कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मज्जाव करते, इंजिन बदलण्यासारख्या काही अपवादांना पूर्वपरवानगीने मुभा देते. आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळातील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. तेव्हा छाटलेल्या चासीची, परक्या ॲक्सलची, 35 इंची चाकांची गाडी रस्त्यावर आणणे हा अपराध आहे, आणि रहदारीतील परक्या माणसाच्या जिवाचा विचार करता तो असावा, हेही मान्य केले पाहिजे. अडचण पुढे आहे. नोंदणीची सक्ती करणारे कलम 39 केवळ सार्वजनिक जागेबद्दल बोलत नाही, ‘अन्य कोणत्याही जागी’ असेही म्हणते. आणि दुसरीकडे व्याख्येच्या कलमात बंदिस्त आवारातच वापरावयाच्या खास वाहनांना ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून वगळले आहे. या दोन तरतुदींच्या मध्ये क्रॉलर लटकत राहतो. म्हणून गाडी करणाऱ्याने प्रथम कलम 55 प्रमाणे आपली पिकअप रस्त्याच्या कामी कायमची निकामी झाल्याचे नोंदणी कचेरीस चौदा दिवसांच्या आत लेखी कळवून आर. सी. बुक परत करावे, आणि त्यानंतर ती ट्रेलरवर लादूनच हलवावी. दप्तरी नोंद साफ असलेल्या माणसाला पुढे आपली बाजू मांडता येते.

पण ती न्यावयाची कोठे? रामनगरच्या शिळा पाहून कोणाच्याही मनात मोह उत्पन्न होईल. परंतु तेथील रामदेवर बेट्टावर गिधाडांचे अभयारण्य आहे, आणि राखीव वनात इंजिनाचा आवाज घेऊन जाणाऱ्यास तेथे थारा नसावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. महाराष्ट्रात इगतपुरीला महिंद्र कंपनीने स्वतःच्या जमिनीवर अशा चालनाचे शिक्षणकेंद्र चालविले. खाजगी जमीन, आखलेले मार्ग आणि शिक्षक यांची ती पद्धत अनुकरणीय आहे. बेंगळुरूपाशी त्याहूनही सोयीची एक जागा आहे, जिच्याकडे कोणी लक्ष दिलेले नाही: सोडून दिलेल्या दगडाच्या खाणी. शहराच्या बांधकामासाठी ग्रॅनाइट काढून झाल्यावर उरलेले हे खड्डे उत्तरेकडे व पूर्वेकडे जागोजाग आहेत. बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळी येथील खाणींत तर महानगरपालिकेने शहराचा कचरा नेऊन ओतला. ज्या जमिनीला कचराकुंडीखेरीज उपयोग सुचला नाही तिचे थोडे तुकडे खनिज खात्याने व महसूल खात्याने भाडेपट्ट्याने द्यावेत, भारतीय मोटार क्रीडा संघांच्या महासंघाने तेथील गाड्यांची तपासणी करावी, आणि परिवहन खात्याने अशा तपासलेल्या गाड्यांना बंदिस्त आवारातील वाहनांचा दर्जा स्पष्ट शब्दांत द्यावा, अशी माझी सूचना आहे. जागा निवडताना तीन गोष्टींची पाहणी व्हावी. सुरुंगांनी तडे गेलेल्या भिंतींच्या पायथ्याशी मार्ग आखू नये, कारण तेथील शिळा वरून भक्कम दिसतात आणि चाकाच्या दाबाने सुटतात. तळाशी साचलेल्या पाण्याची खोली मोजून त्याभोवती कुंपण घालावे. आणि उलटलेली गाडी सरळ करण्यासाठी विंचची तार बांधता येईल असे पोलादी खुंट, खडकात भोके पाडून, प्रत्येक चढाच्या माथ्यावर आधीच गाडून ठेवावेत.